कोकणचा पाऊस आणि ऑर्टलीबची बॅक-रोलर क्लासिक: बाहेरचं पाणी बाहेर, आतलं आत

जुलैत एकट्याने रेवस ते रेडी असा सागरी रस्ता सायकलने करायचा असेल तर सगळ्यात आधी पैसे कशावर घालावेत? आमचं उत्तर सायकल नाही आणि रेनकोट तर नाहीच. पॅनिअर, म्हणजे कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकवायच्या बॅगा. कितीही भारी रेनकोट घाला, कोकणच्या दमट हवेत चढ आला की तासाभरात माणूस आतून घामाने भिजतोच. दिवसभर ओलं राहण्याची तयारी ठेवूनच निघायचं असतं. प्रश्न संध्याकाळचा असतो. लॉजच्या खोलीत शिरल्यावर कोरडा शर्ट, कोरडं पांघरूण आणि न भिजलेली औषधं निघाली तर दुसऱ्या दिवशी सायकल पुढे जाते. गटाने गेलात तर कोणाची तरी कोरडी चादर मिळते. एकट्याला ती सोय नाही, मागे गाडीही नाही.

या कामासाठी जगभर सायकलवाले ज्या बॅगेचं नाव पहिलं घेतात ती ही ऑर्टलीब या जर्मन कंपनीची बॅग, बॅक-रोलर क्लासिक. हार्टमूट ऑर्टलीब यांनी ही कंपनी 1982 साली काढली. इंग्लंडमध्ये सायकलवर पावसात भिजत असताना ट्रकवरची ताडपत्री बघून त्यांना कल्पना सुचली, असा तिचा इतिहास आहे. बॅग हातात घेतली की तो पटतो, कारण मुळात ही ताडपत्रीच आहे: पॉलिएस्टरच्या कापडावर पीव्हीसीचा लेप, जोड शिवलेले नाहीत तर उष्णतेने चिकटवलेले, आणि तोंडाला चेन नाही. शिवण म्हणजे सुईची भोकं आणि चेन म्हणजे दातांतल्या फटी. पाणी नेमकं तिथूनच आत येतं, म्हणून दोन्ही गोष्टी काढूनच टाकल्या आहेत. जोडी मिळून 40 लिटर, म्हणजे एका बॅगेत 20. जोडीचं रिकामं वजन 1.9 किलोच्या आसपास. आत एक छोटा कप्पा आहे, बाकी सगळी एकच पोकळी. हे नंतर त्रास देतं, त्यावर पुढे येऊ.

बॅगेवर आयपी 64 लिहिलेलं असतं. धूळ आणि पाणी किती अडतं ते सांगणारं हे मानांकन. यातला 6 हा आकडा धुळीचा: धूळ अजिबात आत जात नाही. 4 हा पाण्याचा, आणि त्याचा अर्थ कोणत्याही दिशेने उडालेलं पाणी आत जात नाही, एवढाच. बुडवलेली बॅग कोरडी राहील असं हा आकडा म्हणत नाही. पाऊस आडवा असो, ट्रकच्या चाकाने उडवलेला फवारा असो, बॅगेला फरक पडत नाही. पण साचलेल्या पाण्यात ती ठेवली आणि तोंड पाण्याखाली गेलं तर गुंडाळीतून पाणी हळूहळू झिरपणार. दुकानात याला सरसकट ‘वॉटरप्रूफ’ म्हणून विकतात, तेव्हा हा फरक डोक्यात ठेवा.

सगळी मदार तोंडाच्या गुंडाळीवर आहे, आणि तक्रारी करणाऱ्या बहुतेकांचं चुकतं ते इथेच. तोंडाच्या दोन्ही कडा एकमेकींवर नीट जुळवायच्या, बॅगेवर गुडघा किंवा कोपर दाबून आतली हवा काढायची आणि मग निदान तीन, शक्यतो चार वेढे घट्ट गुंडाळायचे. नंतर दोन्ही टोकांची बकलं बाजूच्या पट्ट्यांना लावून खाली ओढायची आणि वरचा लांब पट्टा समोरच्या हुकात अडकवून ताणायचा. एकच वेढा बसत असेल तर बॅग जास्त भरली आहे. 20 लिटर हा आकडा गुंडाळी धरून आहे, काठोकाठ भरण्याचा नाही. दुसरी चूक डोळ्यांना दिसत नाही: टॉवेलचं टोक, प्लास्टिकच्या पिशवीचा कोपरा किंवा एखादी नाडी गुंडाळीत अडकते. सुती टोक असेल तर ते वातीसारखं काम करतं. बाहेरचं पाणी शोषून थेंब थेंब आत नेतं, आणि संध्याकाळी तळाशी ओंजळभर पाणी बघून माणूस भोक शोधत बसतो. भोक नसतंच.

आता कॅरिअर, कारण बॅग कितीही चांगली असली तरी ती लटकते कॅरिअरवर. वरचे दोन हुक 16 मि.मी. जाडीपर्यंतच्या नळीवर बसतात. नळी बारीक असेल तर सोबत येणारे प्लास्टिकचे तुकडे हुकात बसवायचे. ते बसवायचा कंटाळा करू नका. 10 मि.मी.च्या नळीवर 16 मि.मी.चा हुक मोकळा खुळखुळतो, प्रत्येक खड्ड्याला आपटतो, आणि कोकणातल्या पावसाळी रस्त्यावर दिवसाला किती खड्डे येतात ते वेगळं सांगायला नको. आपल्या नेहमीच्या काळ्या सायकलीच्या कॅरिअरला काही ठिकाणी गोल नळीऐवजी चपटी पट्टी असते. त्यावर हे हुक नीट बसत नाहीत. सीटच्या दांड्याला एकाच क्लॅम्पने पकडलेलं कॅरिअरही बाद, कारण ते भाराखाली बाजूला फिरतं. फ्रेमला खाली दोन आणि वर दोन बोल्टने बसणारं, 25 किलो भार पेलणारं कॅरिअर घ्या. बोल्ट एम5चे, म्हणजे 5 मि.मी. जाडीचे असतात. त्यांना नायलॉनची नट लावा किंवा निळा थ्रेडलॉक, म्हणजे आटे धरून ठेवणारा गोंद, आणि रोज संध्याकाळी एलन की फिरवून बघा. कॅरिअरचा बोल्ट गळून पडणं ही अशा दौऱ्यातली सगळ्यात नेहमीची बिघाडाची गोष्ट आहे. दोन एम5 बोल्ट आणि चार झिपटाय सोबत ठेवले तर रस्त्याकडेला दहा मिनिटांत काम होतं.

बॅगेच्या पाठीवरचा खालचा आकडा, म्हणजे खालचा हुक, आडव्या पट्टीवर सरकतो आणि फिरतो. तो कॅरिअरच्या उभ्या दांडीच्या मागे अडकला पाहिजे, नाहीतर बॅग उताराला बाहेर झुलते. वरचे हुक सरकवून अख्खी बॅग शक्य तितकी मागे न्या आणि पेडल उलटं फिरवून टाच लागते का बघा. दहा नंबरच्या पुढचा बूट आणि आखूड मागची फ्रेम असेल तर टाच लागतेच. ही तपासणी घरी करायची, दिवेआगरला पोचल्यावर नाही. काढायला मात्र मजा आहे: वरची मूठ उचलली की हुक आपोआप उघडतात आणि बॅग हातात येते. लॉजचा जिना, एसटीचा फलाट, रेल्वेच्या पार्सल खिडकीपुढची रांग, सगळीकडे हे सोयीचं पडतं. कोकण रेल्वेने परत यायचं असेल तर सायकल ब्रेकव्हॅनला, म्हणजे गाडीच्या सामानाच्या डब्यात द्या, बॅगा काढून आपल्यासोबत ठेवा.

वजनाबद्दल. एका बॅगेत सहा-सात किलोच्या वर जाऊ नका. जड वस्तू तळाशी आणि पुढच्या, म्हणजे पेडलकडच्या, कोपऱ्यात. सागरी रस्ता नकाशावर समुद्राकाठून सरळ गेलेला दिसतो, प्रत्यक्षात प्रत्येक खाडीला उतरतो आणि पलीकडे तितकाच चढतो. सगळा भार मागे आणि वर असेल तर चढावर पुढचं चाक हलकं होऊन हँडल डगमगतं. दोन्ही बाजूंचं वजन शक्यतो सारखं, अर्ध्या किलोचा फरक चालतो. वाऱ्याचा हिशोब वेगळा. पावसाळ्यात या किनाऱ्यावर वारा मुख्यत्वे समुद्राकडून येतो, म्हणजे दक्षिणेला जा किंवा उत्तरेला, तो आडवाच लागतो. भरलेली जोडी त्याला शिडासारखी सापडते. रेवदंडा-साळावच्या पुलावर किंवा आरे-वारेच्या उघड्या वळणांवर झोत आला की सायकल हातभर सरकते. तिथे रस्त्याच्या कडेला चिकटून जाऊ नका, सरकायला जागा ठेवा, आणि एसटी मागून येत असेल तर थांबून तिला जाऊ द्या. बॅगा नीट आवळलेल्या असल्या तर हा त्रास कमी होतो. अर्धी भरलेली, फुगलेली बॅग वाऱ्याला जास्त सापडते.

आता ती एक पोकळी. भर पावसात पंक्चरची ट्यूब काढायला बॅग उघडली की आतल्या सगळ्याला पाऊस लागतो. शिवाय ज्या ताडपत्रीतून पाणी आत येत नाही, तिच्यातून ते बाहेरही जात नाही. ओला शर्ट कोरड्या कपड्यांशेजारी ठेवला तर संध्याकाळपर्यंत दोन्ही दमट आणि दुसऱ्या दिवशी दोन्हींना वास. विकणारे ही गोष्ट कधी सांगत नाहीत, आणि कोकणात बॅगेचं अर्धं काम इथेच ठरतं. उपाय सोपा आहे: एक बॅग कोरडी, एक ओली, आणि हा नियम दौरा संपेपर्यंत मोडायचा नाही.

ओली बॅग डावीकडे. आपल्याकडे वाहनं डावीकडून चालतात, त्यामुळे डावी बाजू साइडपट्टीकडे येते आणि ट्रककडे पाठ करून वाकावं लागत नाही. तिच्यात रेनकोट, दोन ट्यूब, पंप, हत्यारं, चेनचं तेल, सॅंडल, वापरलेले कपडे आणि खाण्याचे पुडे. तिच्यातल्या कशालाही पाणी लागलं तरी चालतं, तेव्हा ती निवांत उघडा. कोरडी बॅग उजवीकडे, आणि ती रस्त्यात उघडायची नाही. सकाळी खोलीत बंद, संध्याकाळी खोलीत उघडी. तिच्यात रात्रीचा एक जोड, पातळ चादर किंवा स्लीपिंग बॅग, औषधं, चार्जर आणि पॉवर बँक. कागदपत्रं आणि रोकड झिप असलेल्या दोन पिशव्यांत, एकीत दुसरी. सिलिका जेलच्या पुड्यांवर भरवसा ठेवू नका. चपलांच्या खोक्यातल्या त्या इवल्या पुड्या कोकणच्या हवेत बघता बघता पाणी पिऊन बसतात.

रात्री खोलीत पोचल्यावरचा क्रम ठरलेला असावा. दोन्ही बॅगा बाहेरून बादलीभर पाण्याने धुवा, विशेषतः मागची बाजू, जिथे हुकांची पट्टी आहे. लाल जांभ्याची बारीक रेती पट्टी आणि कापड यांच्यात अडकते, दिवसभराच्या हादऱ्यांनी ती पॉलिश पेपरसारखी घासते, आणि कापडाला भोक पडलंच तर ते बहुधा इथे, खालच्या आकड्यामागे पडतं. मागच्या चाकाला पूर्ण लांबीचं मडगार्ड असलं तर हा चिखल निम्म्याने कमी होतो. सीटखाली खोचायचं प्लास्टिकचं पान काही कामाचं नाही. धुऊन झालं की ओली बॅग उलटी करून पंख्याखाली टांगा. कपडे पिळून कोरड्या टॉवेलात गुंडाळायचे आणि त्यावर उभं राहायचं. यात इतकं पाणी निघतं की पॉलिएस्टरचा टी-शर्ट पंख्याखाली सकाळपर्यंत अंगात घालण्याइतका होतो. सुती बनियन आणि जीन्स होत नाही, म्हणून ते घरीच. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे, मधे एकदा बदलून.

बॅगेशी थेट संबंध नसलेली, पण तिच्या वजनाने वाढणारी दोन खर्चाची कामं. बारा-तेरा किलोच्या भाराने ओल्या उतारांवर ब्रेकचे पॅड भराभर झिजतात. डिस्क असेल तर रेझिनऐवजी सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे) पॅड आणि एक जोडी जास्तीची. रिम ब्रेक असेल तर रोज रिम पुसून रबरातले खडे टोकाने काढा. चेनला ओल्या हवेसाठीचं घट्ट तेल, रोज पुसून पुन्हा. खोबरेल तेल केसांना ठेवा.

खाड्या हा या रस्त्याचा खास भाग. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड अशा फेरीबोटी आहेत. हवामान बिघडलं की फेऱ्या थांबतात, तेव्हा आदल्या गावातच चौकशी करा. जेटीचा उतार शेवाळाने गुळगुळीत असतो. बॅगा लावलेली सायकल तिथे चालवू नका, ढकला, आणि ढकलताना दोन्ही ब्रेक हातात ठेवा. बोटीत तळाला पाणी साचलं असेल तर बॅग काढून खाली ठेवू नका, सायकलवरच राहू द्या. आयपी 64चा तो चार आकडा इथे आठवायचा. उतरल्यावर गोड्या पाण्याने हुक आणि कॅरिअरचे बोल्ट धुवा. प्लास्टिकला मीठ काही करत नाही, पण हुकांनी रंग घासलेल्या जागी स्टीलचं कॅरिअर दोन दिवसांत गंजायला लागतं. निघण्याआधी हुक बसतात त्या जागी जुन्या ट्यूबची पट्टी किंवा इन्सुलेशन टेप गुंडाळली तर रंगही वाचतो आणि खडखडही थांबते.

मोरीवरून पाणी वाहत असेल तर मात्र बॅगच शत्रू होते. मोठ्या चाकाच्या सायकलवर बॅगेचा तळ जमिनीपासून साधारण 30 सें.मी.वर असतो. पाणी त्याच्या वर चढलं की हवाबंद बॅग तरंगायला बघते. 20 लिटरची बॅग पूर्ण बुडाली तर पाणी तिला 20 किलोच्या जोराने वर ढकलतं, आणि आत फार तर सात किलो आहेत. मागचं चाक उचललं जातं, प्रवाह त्याला बाजूला फिरवतो, आणि हे सगळं एकट्या माणसाच्या हातात असतं. रस्त्याचा डांबरी पृष्ठभाग दिसत नसेल तर थांबा. हवामान खात्याच्या भाषेत 24 तासांत 64.5 मि.मी.च्या पुढे ‘मुसळधार’ आणि 204.4 मि.मी.च्या पुढे ‘अत्यंत मुसळधार’. रेड अलर्टचा दिवस लॉजवर झोपून काढायचा, यात कमीपणा नाही.

दुरुस्ती. सायकलच्या पंक्चर किटमधलं सोल्यूशन रबरासाठी असतं, पीव्हीसीवर ते धरत नाही. भोक पडलं तर जागा धुऊन, पूर्ण वाळवून, स्पिरिटने पुसून आतून आणि बाहेरून चांगली जाड टेप लावा. कोपरे गोल कापले तर टेप उचकटत नाही. तालुक्याच्या गावात रिक्षाचे हूड आणि ताडपत्र्या करणारे असतातच. त्यांच्याकडे पीव्हीसीचा ठिगळ चिकटवून मिळतो. फक्त आधीच सांगा की शिवायचं नाही, चिकटवायचं. सवयीने मशीनखाली गेलं की झालीच मग पन्नास भोकं. हुक तुटला तर जुन्या ट्यूबची लांब पट्टी ताणून बांधली की दोन दिवस निघतात. कंपनीचे सुटे भाग मिळतात, पण मुरुडच्या किंवा मालवणच्या सायकल दुकानात नव्हे, तेव्हा एक जास्तीचा हुक घरून न्यावा. पेट्रोल किंवा थिनरने बॅग पुसू नका, लेप खराब होतो.

किंमत ही हिची खरी खोट. आयात होऊन येते, आणि जोडीचे पैसे साध्या गिअरच्या सायकलीशी स्पर्धा करतात. जर्मनीत कोणाचा भाचा-पुतण्या असेल तर त्याच्या सामानातून आणणारेही पुष्कळ. पाच वर्षांची हमी आहे, पण मग ती वापरायचा खटाटोपही त्या भाच्याच्याच गळ्यात. याच कंपनीची प्लस ही पीव्हीसीशिवायची, थोडी हलकी आवृत्ती आहे. कोकणच्या चिखलाला क्लासिकचं गुळगुळीत कापड आम्हाला जास्त पसंत, कारण एका बादलीत ते स्वच्छ होतं.

वर्षातून एकदा तीन दिवस जाणाऱ्याने हा खर्च करू नये. साधी नायलॉनची पॅनिअर घ्या आणि आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी, तोंड पिळून, दुमडून, रबराने बांधलेली. बॅग भिजेल, सामान नाही. या बॅगांसोबत मिळणाऱ्या रेनकव्हरवर मात्र विसंबू नका. ते बॅगेची पाठ उघडी ठेवतं, आणि चाकाचं पाणी नेमकं पाठीवर उडतं. शिवाय तळाशी द्रोणासारखं पाणी साठवतं आणि पहिल्याच जोराच्या वाऱ्यात उडून जातं. पाठीवरची सॅक हा तर पर्यायच नाही: दोन तासांत पाठ सोलून निघते. आठवड्याच्या वर जाणार असाल, दरवर्षी जाणार असाल, तर मात्र क्लासिक घ्या. पिशवीचा जुगाड चौथ्या-पाचव्या दिवशी फाटतो, आणि तोवर तो रोज बांधून-सोडून कंटाळा आलेला असतो.

रंग पिवळा किंवा लाल घ्या. काळी बॅग दुकानात देखणी दिसते, पण धुक्यात आणि धुवांधार पावसात मागच्या ड्रायव्हरला ती रस्त्यासारखीच दिसते. बॅगेवरचे रिफ्लेक्टर चांगले आहेत, मात्र चिखलाचा थर बसला की निरुपयोगी. दर थांब्याला हाताने पुसा. आणि निघण्याच्या आदल्या आठवड्यात एक चाचणी: बॅगेत कोरडं वर्तमानपत्र अंथरा, चार वेढे गुंडाळा, शॉवरखाली दहा मिनिटं धरा, सगळ्या बाजूंनी फिरवा. कागद तळाशी ओला निघाला तर जोड किंवा पाठीमागची भोकं तपासा. वरच्या टोकाला ओला निघाला तर गुंडाळी पुन्हा करा.